अल्पसंख्याकांचे हक्क आणि कामगारांची एकजूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युनियनच्या बैठकीत, अभ्यासवर्गात, कधी घरी जेवताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. इथली बरीचशी उत्तरं मुंबईच्या कापड गिरण्यांच्या आधाराने दिली आहेत. डाव्या चळवळीने महाराष्ट्रात या प्रश्नाशी सर्वात जास्त झुंज दिली ती गिरणगावात, आणि सर्वात मोठी ठोकरही तिथेच खाल्ली.

अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी उभं राहिल्याने कामगारांची एकजूट वाढते का? आधी सरळ उत्तर द्या.

वाढते, पण एक अट आहे. तो हक्क कामाच्या जागी, पगाराच्या करारात आणि युनियनच्या स्वतःच्या कमिटीत दिसायला हवा. जाहीरनाम्यात एक ओळ घातली म्हणून कुणी कुणासाठी सहा महिने उपाशी राहत नाही.

अल्पसंख्याक म्हणजे इथे नेमके कोण?

मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध हे आलेच. पण कारखान्याच्या दृष्टीने दलित, आदिवासी, परराज्यातून आलेला कामगार हेही त्यात धरावे लागतात. संख्या कमी, आवाज कमी, आणि ज्याला काढून टाकलं तर बाकीचे काम थांबवतीलच याची खात्री नाही, असा प्रत्येक जण. दलितांना अल्पसंख्याक म्हणणं काहींना खटकतं. स्वतः बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानात अस्पृश्यांसाठी संरक्षण मागताना त्यांना अल्पसंख्याकच मानलं होतं.

गिरणीत सगळे कामगारच. तिथे जात आली कुठून?

भरतीतून आली. मालक स्वतः माणसं निवडत नसे, ते काम जॉबरचं. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीचा माणूस आणायचा. रत्नागिरीचा माणूस रत्नागिरीच्या माणसाला, साताऱ्याचा साताऱ्याच्या माणसाला. नोकरी त्याच्या हातात, बदलीचं काम, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी मिळणारं रोजाचं काम, त्याच्या हातात, अडीअडचणीला उधारीही तोच द्यायचा. अशाने एकेका खात्यावर एकेका समाजाचा शिक्का बसत गेला. दलित कामगार मोठ्या संख्येने रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईच्या कमी पगाराच्या कामावर. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकरांना पगार बरा होता, पण तिथे दलितांना प्रवेश नव्हता.

का नव्हता, ते जवळून पाहण्यासारखं आहे. साच्यावर आडवा धागा नेणारा लाकडी धोटा या टोकापासून त्या टोकाला पळतो. धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी भरतो, आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायला भोकाला तोंड लावून श्वासाने ओढून घेतो. दिवसभरात हे असंख्य वेळा करायचं. आणि धोटा काही एकाच माणसाच्या तोंडाला लागत नाही. पाळी बदलली की दुसऱ्याच्या हाती जातो. ज्या धोट्याला दलिताचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं सवर्ण विणकरांचं म्हणणं. एवढ्यावर हजारो माणसांना बऱ्या पगाराच्या कामाचं दार बंद होतं.

मला यात सर्वात जास्त टोचते ती एक गोष्ट. धोटा तोंडाने ओढणं सगळ्याच विणकरांच्या जिवावर उठणारं होतं. सुताची धूळ फुप्फुसात जायची, एकाचा आजार दुसऱ्याला लागायचा, आणि गिरणगावात क्षय घरोघरी होता. तोंड न लावता दोरा ओवता येईल असे धोटे तेव्हा जगात तयार होत होते. युनियनने मालकाकडे तसा धोटा मागितला असता, तर दलितांना साचेखातं खुलं करण्यातली सबब गेली असती आणि मराठा, कुणबी आणि मुसलमानांमधल्या मोमीन विणकरांची फुप्फुसंही वाचली असती. एका मागणीत दोघांचं हित होतं. तशी मागणी चळवळीच्या केंद्रस्थानी कधीच आली नाही.

१९२८ च्या मोठ्या संपात या प्रश्नाचं काय झालं?

१९२८ चा संप एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. एका माणसाने जास्त साचे चालवायचे, रिंगखात्यात एकाने दोन बाजू सांभाळायच्या, आणि तरी हातात पगार कमीच, असा मालकांचा बेत होता. त्याविरुद्धचा हा लढा. याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर या कम्युनिस्टांबरोबर अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले पुढारी होते. वर्षअखेर युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली. देशाच्या कामगार चळवळीत तोवर असं काही घडलं नव्हतं.

मागण्यांची यादी मोठी होती, पण साचेखात्यातली बंदी त्यात आपणहून आली नाही. आंबेडकरांनी ती लावून धरली आणि सांगितलं की ही मागणी नसेल तर दलित कामगारांनी या संपात का राहावं, हे मला त्यांना सांगता येणार नाही. मग ती नाखुशीने जोडली गेली. वाटाघाटीत मालकांनी त्यावर जे म्हटलं ते आजही प्रत्येक युनियनवाल्याने ऐकावं असं आहे: हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालक त्या मुद्द्यापुरते खरं बोलत होते. त्यांना स्वस्त हात हवे होते, ते कुणाचे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बंदी कामगारांनीच कामगारांवर घातली होती.

त्या संपाने ही बंदी उठली नाही.

फूट तर मालकच पाडतात. त्याचा दोष चळवळीला का द्यायचा?

मालक फूट वापरतो, आणि पुष्कळदा वाढवतोही. पण ती त्याला आयती मिळते तेव्हा त्याचं काम फार सोपं होतं. गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगारांची रांग लागायची. संपाच्या काळात या रांगेतून कोण आत जाईल? जो सर्वात उपाशी आहे आणि ज्याला संप यशस्वी झाला तरी वरचं खातं मिळणार नाही, तो. त्याला फितूर म्हणायला सोपं आहे. त्याच्या बाजूने एकदा हिशेब मांडून बघा.

आंबेडकरांनी १९२९ चा संप फोडला, असं म्हणतात. खरं आहे का?

१९२९ च्या दुसऱ्या मोठ्या संपाला त्यांनी विरोध केला आणि दलित कामगारांना कामावर जायला सांगितलं, हे खरं. डाव्या गोटात या गोष्टीचा राग पुढे कित्येक वर्षं राहिला. पण तो प्रसंग एकटा उचलून चालत नाही. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाने सगळी वस्ती कर्जात बुडाली होती, आणि ज्याच्याकडे विकायला भांडंही नाही त्याच्या गळ्याशी कर्ज आधी येतं. वर, साचेखात्याचं दार बंदच होतं. मार्च १९२९ मध्ये मेरठ खटल्यासाठी, म्हणजे सरकारविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून, प्रमुख पुढाऱ्यांना अटक झाल्याने युनियनची डोकीही तुरुंगात होती. त्यातच आदल्या महिन्यात शहरात दंगल होऊन गेलेली. अशा वेळी पुन्हा सगळ्यांना बाहेर काढण्याचा निर्णय चुकीचा होता, हे डाव्या विचारांच्या माणसालाही आज म्हणता यायला हवं.

माझं मत असं आहे की १९२९ ची फूट १९२८ च्या मागण्यांच्या यादीतच पडली होती. ज्याची मागणी शेवटी आणि नाखुशीने लिहिली, त्याच्याकडून पुढच्या वर्षी आनंदाने उपास काढण्याची अपेक्षा धरता येत नाही.

मग लाल बावटा, म्हणजे कम्युनिस्ट, आणि आंबेडकरी कामगार एकत्र आले ते कधी?

१९३८ साली, आणि ते वर्ष पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे.

ऑगस्ट १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नव्हती, मजूर होता. पक्षाने हाती घेतलेला पहिला मोठा प्रश्न कोकणातल्या खोतीचा. खोत सारा वसूल करायचा, वर वेठ घ्यायचा, आणि त्याच्या जमिनीवर कुणबी, आगरी, महार सगळेच कुळं म्हणून राबायचे. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सुरू होता आणि तो १९३९ पर्यंत चालला. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. त्या मोर्चात कम्युनिस्टही होते. कोकणातला हा कुणबी आणि महार म्हणजे गिरणगावातल्या कामगाराचा भाऊ किंवा बाप, हे लक्षात ठेवलं की पुढचं कळतं.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे आंबेडकरांचं विधान तिथलंच. ते सगळ्यांना पाठ असतं. त्याच भाषणातली एक बारीक गोष्ट मात्र कमी लोकांना ठाऊक असते. दलित माणसाला रेल्वेत पोर्टर म्हणून घेत नसत. कारण पोर्टर म्हणजे स्टेशन मास्तरच्या घरचा बिनपगारी गडी. त्याने मास्तरच्या घरात पाणी भरायचं, काम करायचं, आणि अस्पृश्य माणूस घरात कसा येणार? त्यामुळे दलित कामगार रुळांवरचा गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच निवृत्त व्हायचा. आता बघा, पोर्टरला घरगडी म्हणून राबवणं हा सवर्ण पोर्टरवरही अन्यायच होता. एकाला ती नोकरी मिळत नव्हती, दुसऱ्याला त्या नोकरीत फुकट राबावं लागत होतं. दोघांच्या तक्रारीची मुळं एकाच घरात होती.

मग आला ७ नोव्हेंबर १९३८. मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. त्यात संपावर मोठे निर्बंध होते आणि बेकायदा संपाला शिक्षा होती. आंबेडकर विधिमंडळात म्हणाले की संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या पुढाकारातली मुंबईची ट्रेड युनियन काँग्रेस यांनी मिळून एक दिवसाचा संप पुकारला. परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली, आंबेडकर आणि डांगे एका व्यासपीठावर आले, गोळीबार झाला. नऊ वर्षांपूर्वी एकमेकांच्या समोर उभे असलेले लोक त्या दिवशी एका बाजूला होते. कारण मधल्या काळात खोतीच्या लढ्याने एक गोष्ट दाखवून दिली होती: महाराचा प्रश्न हाती घेतला म्हणून कुणबी दूर जात नाही, उलट त्यालाही खोतापासून सुटायचं असतं.

ती एकी टिकली का?

टिकली नाही. युद्धाच्या काळात वाटा वेगळ्या झाल्या. १९४२ मध्ये आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढलं. स्वतंत्र मजूर पक्षाकडून रत्नागिरीतून निवडून आलेले शामराव परुळेकर तोवर कम्युनिस्ट झाले होते, आणि पुढे गोदावरी परुळेकरांबरोबर वारली आदिवासींच्या लढ्यात उतरले. दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल शंका होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच रास्त होत्या.

मुसलमान कामगारांचं काय?

मदनपुऱ्यातले मोमीन विणकर गिरण्यांमधले कसबी कामगार होते. उत्तर प्रदेशातून पिढीजात कसब घेऊन आलेले. १९२८ च्या संपात हिंदू-मुसलमान एकत्र बाहेर होते. पण त्याच वर्षाच्या शेवटी शिवडीकडच्या तेल कंपन्यांमध्ये संप झाला, तो मोडायला कंपन्यांनी पठाण आणले, आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये पठाण मुलं पळवतात अशी अफवा गिरणगावात पसरली. आधी पठाणांवर हल्ले, मग बघता बघता हिंदू-मुसलमान दंगल. सहा महिने एकत्र उपास काढलेली माणसं. तेलाच्या टाकीपाशी सुरू झालेला मालक-मजुराचा झगडा धर्माचा करून टाकायला एक अफवा पुरली. युनियनचे पुढारी शांततेचं आवाहन करत फिरले. पण शांततेचं आवाहन दंगलीच्या दिवशी उपयोगाचं नसतं, त्याआधीची कित्येक वर्षं चाळीत आणि खात्यात केलेलं काम त्या दिवशी उपयोगी पडतं. ते काम पुरेसं झालं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला सोलापूर आहे. १९३० मध्ये तिथे कामगार आणि शहरवासी रस्त्यावर आले, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. लिंगायत, मुसलमान, मारवाडी, मराठा. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करणारा तरुण पत्रकार होता. सोलापूर या चौघांची नावं एका दमात घेतं.

आणि लाल बावटा कलापथक. बार्शीचे अमर शेख, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, आणि गवाणकर. एक मुसलमान, एक मातंग, तिघेही कामगारवर्गाचे शाहीर. गिरणगावातल्या मराठा-कुणबी कामगाराने त्यांना डोक्यावर घेतलं. यामागे कम्युनिस्ट पक्षाने या माणसांना व्यासपीठाच्या मधोमध उभं करण्याचा घेतलेला निर्णय होता. मंच कुणाला द्यायचा हा युनियनच्या हातातला विषय आहे, त्यासाठी मालकाशी वाटाघाटी करावी लागत नाही.

परप्रांतीयांचा मुद्दा यात कसा बसतो?

थेट बसतो. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, तेव्हा तिचा रोख दाक्षिणात्यांवर आणि कम्युनिस्टांवर होता. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. जून १९७० मध्ये लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडून हरल्या. सर्वसाधारणपणे याचा दोष गुंडगिरीला दिला जातो. गुंडगिरी होतीच. पण नोकऱ्या आटत असताना मराठी तरुणाचा राग खरा होता, आणि त्या रागाला मालकाकडे वळवणारं उत्तर डाव्यांकडे वेळेवर तयार नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी माणसाचा प्रश्न डाव्यांनीच पुढे नेला होता. पुढच्या दहा वर्षांत तो प्रश्न हातातून निसटला.

बहुसंख्य कामगाराला यातून काय मिळतं? तो आपला फायदा का सोडेल?

हा सर्वात प्रामाणिक प्रश्न आहे. पुष्कळ डावे लोक तो टाळतात, कारण बहुसंख्य कामगाराला फायदा असतोच, हे कबूल करावं लागतं. साचेखात्यातल्या विणकराला दलितांची स्पर्धा नव्हती, हा त्याचा फायदा होता.

याचं टोकाचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेत मिळतं. १९२२ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणींमध्ये गोऱ्या खाणकामगारांनी मोठा संप केला. खाणमालक गोऱ्यांच्या जागी कमी पगारात काळे कामगार घेणार होते. जगातल्या कामगारांनो एक व्हा आणि गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी लढा, अशी घोषणा त्या संपात फलकांवर होती. कम्युनिस्टही त्या संपात होते. पंतप्रधान स्मट्स यांच्या सरकारने तोफा आणि विमानं वापरून संप चिरडला. मात्र १९२४ मध्ये सत्ता बदलली आणि १९२६ मध्ये वर्णभेदाची भिंत कायद्याने पक्की झाली. गोऱ्या खाणकामगाराला त्यातून कित्येक दशकं चांगला पगार मिळाला. हे नाकारून उपयोग नाही.

पण तो पगार कुणाच्या जोरावर होता? सरकारच्या. गोरा कामगार मालकाशी स्वतःच्या बळावर भांडू शकेल अशी त्याची स्थिती राहिली नव्हती, कारण खाणीतले बहुसंख्य हात त्याच्या विरोधात गेलेले होते. भारतातल्या सवर्ण कामगाराला तर असं सरकारही मिळालं नाही. मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार युनियन नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. तेव्हा कापड कुठे विणलं जात होतं? भिवंडीच्या यंत्रमागांवर. तिथे मोमीन, उत्तर भारतीय आणि तेलुगू पद्मशाली कामगार राबत होते, बिनयुनियनचे, रोजच्या बोलीवर. गिरणी कामगार त्यांना आपलं मानत नव्हता, आणि मुंबईच्या युनियन त्यांच्यापर्यंत गेल्या नव्हत्या. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद झाल्या. संप हरण्याची कारणं अनेक होती. एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन ठेवणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता, मालकांना गिरण्यांपेक्षा त्यांच्या जमिनीची किंमत जास्त दिसू लागली होती. पण भिवंडीचे माग त्या महिन्यांत चालू होते, हेही त्यातलं एक कारण आहे. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याच भिवंडीत भीषण दंगल झाली.

बाहेरच्या देशात उलट उदाहरण आहे का, जिथे बहुसंख्य कामगार उभे राहिले?

लंडनमधलं ग्रनविक. तिथल्या फोटो धुण्याच्या कारखान्यात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या, बहुतेक गुजराती बायका काम करायच्या. ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई कामावरून उठून बाहेर पडल्या आणि संप सुरू झाला. दोनच वर्षं आधी लेस्टरमध्ये इम्पीरियल टाइपरायटर्सच्या आशियाई कामगारांनी संप केला होता, तेव्हा अधिकृत युनियनने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. ग्रनविकला मात्र पोस्टाच्या कामगारांनी कंपनीची टपाल हाताळायला नकार दिला, यॉर्कशायरहून खाणकामगार आले, आणि जुलै १९७७ मध्ये एका दिवशी हजारो लोक दारात उभे होते. १९६८ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या पॉवेल या ब्रिटिश खासदाराच्या बाजूने लंडनच्या गोदी कामगारांनी मोर्चा काढला होता. ग्रनविकच्या दारात गोदी कामगारांचा फलकही आला. नऊ वर्षांत माणसं बदलू शकतात, त्यांच्याशी कुणी बोलत राहिलं तर.

तो संप जिंकला नाही. १९७८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. एकजूट असली की विजय नक्की, असं आश्वासन मी देणार नाही.

अल्पसंख्याकांचे हक्क म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंची पाठराखण नाही का?

नाही, आणि डाव्यांनी हा घोळ केला तेव्हा नुकसानच झालं. हक्क समाजाच्या पुढाऱ्याचा नसतो, त्या समाजातल्या माणसाचा असतो, आणि त्या माणसांत बायका आल्या. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर नेला, आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराला घर नाकारणाऱ्या घरमालकाविरुद्ध उभं राहायचं, आणि त्याच कामगाराच्या बायकोच्या पोटगीसाठीही उभं राहायचं. दोन्ही एकाच युनियनने करण्यात मला काही विसंगती दिसत नाही.

जाती-धर्माच्या संघटना वेगळ्या निघतात, तेव्हा वर्ग फुटत नाही का?

वेगळी संघटना बहुधा तेव्हा निघते जेव्हा मोठ्या संघटनेत आपलं म्हणणं ऐकलं जात नाही. १९७२ मध्ये दलित पँथर निघाली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना गिरणी कामगारांचीच पोरं होती. पँथर भागवत जाधव मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने मारला गेला. त्याच महिन्यात गिरण्यांमध्ये संपही चालू होता. त्या चाळीत डाव्या युनियनची माणसं होती, पण दंगल रोखू शकेल असं वजन त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

हक्क आधी की समाजवाद आधी, हा वादच आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात निकालात काढला होता. मूळ उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी ही मागणी, आणि अल्पसंख्याकांना राजकीय संरक्षण असावं ही मागणी, दोन्ही एकाच दस्तऐवजात. हे निवेदन डाव्या अभ्यासवर्गात पहिल्या महिन्यात वाचलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

१९९२-९३ च्या मुंबई दंगलींनंतर काही उरलं का?

फार थोडं. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले, त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. मिश्र वस्त्यांमधून कुटुंबं उठली, पुष्कळ मुसलमान मुंब्र्याकडे गेले. शेजार गेला की युनियनची पहिली पायरी जाते. वर्गणी गोळा करायला, आजारी माणसाकडे जायला, रात्री निरोप पोचवायला माणूस शेजारी राहावा लागतो.

आज गिरण्याच नाहीत. मग हे सगळं कशाला?

कारण कंत्राटी कामात तीच मांडणी परत आली आहे. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार बहुतांश दलित. कंत्राटी कामगारांचा कायदा वीस किंवा अधिक कामगारांना लागू व्हायचा, म्हणून त्यांचे छोटे छोटे गट पाडायचे, कागदावर त्यांना स्वयंसेवक म्हणायचं, पगाराला मानधन म्हणायचं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं ही लढाई लढवली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. हा जातीचा प्रश्न होता की पगाराचा? जो हातगाडी ओढतो त्याला असा प्रश्न पडत नाही.

सोलापुरात रे नगरची वसाहत बघा: विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणाऱ्या बायका. घराची मागणी सगळ्यांनी मिळून केली, म्हणून एका वसाहतीत तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी घरं शेजारी आली.

आणि मार्च २०१८ चा लाँग मार्च. नाशिकहून निघालेल्या त्या शेतकऱ्यांत बहुसंख्य आदिवासी होते, वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी. त्यात कर्जमाफीची मागणी घेऊन इतर शेतकरीही चालत होते. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा शीव ते आझाद मैदान त्यांनी रात्री चालून काढला. मुंबईत लोक पाणी, जेवण, चपला घेऊन रस्त्यावर उभे होते, त्यात दलित आणि मुसलमान वस्त्यांतले लोक होते. आदिवासीच्या जमिनीचा हक्क मागितल्याने बाकीच्या शेतकऱ्यांचा मोर्चा लहान झाला नाही.

आमच्या युनियनमध्ये हा विषय काढला की लोक वैतागतात. सुरुवात कुठून करू?

भाषणाने करू नका. हजेरीचा कागद घ्या. कोण कोणत्या खात्यात आहे, कायम कोण आणि कंत्राटावर कोण, रात्रपाळी कुणाच्या वाट्याला जास्त येते, बढती कुणाची अडली आहे, हे लिहून काढा. चित्र कागदावर आलं की अर्धा वाद मिटतो.

मग जी अडचण सर्वात कमकुवत गटाला सर्वात जास्त आणि बाकीच्यांना थोडी सोसावी लागते, ती पहिली मागणी करा. धोट्याचं उदाहरण सांगितलं ते याचसाठी. ईदची किंवा १४ एप्रिलची सुट्टी मागत असाल तर ती कराराच्या यादीत दिवाळीच्या बोनसबरोबर टाका, वेगळ्या निवेदनात नको. कँटीनमध्ये कुणी कुणाच्या टेबलावर बसत नसेल तर कमिटीची बैठक त्याच टेबलावर घ्या. कमिटीत एक जागा राखून गप्प बसू नका, खजिनदाराची किंवा वाटाघाटी करणाऱ्याची जागा द्या, जिथे मालकाशी बोलताना तो माणूस समोर बसलेला असतो. आणि आपल्याच सभासदाने जातीवरून किंवा धर्मावरून शिवी दिली तर त्याला युनियनने जाब विचारावा, मालकाने चौकशी लावण्याआधी. पहिल्यांदा हे कराल तेव्हा दोन-चार जण वर्गणी बंद करतील. त्यांच्या घरी जा, चहा घ्या, आणि पुढच्या महिन्याची पावती त्यांच्या हातात ठेवूनच उठा.